देवाजवळ बसायला लागल्यापासून वेगळंच काम खुणावतंय. हे बोलावणं म्हणायचं का?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, स्वतःचा धागा पहिलाच. लांबला तर सांभाळून घ्या.

गाव देवगड तालुक्यात. पुण्याला एका कंपनीत पगाराचे हिशेब बघते. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा घरून काम करायची परवानगी घेऊन गावी आले. बाबा गेले त्यालाही आता वर्ष होऊन गेलं, मी मात्र अजून इथेच आहे. आई आणि मी, दोघीच.

बाबा अंथरुणावर असताना सकाळी त्यांचं अंग पुसून, चादर बदलून, पेज भरवून झाली की शेजारच्या काकू थोडा वेळ बसायच्या आणि मी रवळनाथाच्या देवळात जायचे. भक्ती म्हणून नव्हे. तिथे कुणी ‘बाबा कसे आहेत’ विचारत नसे, एवढंच. पुढे बसता बसता नाम सुरू झालं. आजीची ज्ञानेश्वरी कपाटात होती, ती काढली. आता हा दिवसातला असा वेळ आहे की तो चुकला तर मी दिवसभर चिडचिडी असते. देवाशी बोलणं म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही, पण तिथे खोटं बोलवत नाही, हे खरं.

आता मुद्दा. बाबांमुळे अंथरुणावरच्या माणसाचं सगळं करायला शिकले. गावात निम्मी घरं म्हणजे दोन म्हातारी माणसं आणि मुंबईला असलेली मुलं. कुणाची सासू पडली, कुणाच्या वडिलांची लघवीची नळी बदलायला कणकवलीला न्यायचंय, की फोन मला. मी जाते. आणि परत येताना इतकं बरं वाटतं, की लॅपटॉप उघडायला हात होत नाही. कंपनीने आता दिवाळीनंतर ऑफिसात हजर व्हा म्हटलंय. मामा म्हणतात, नोकरी सोडलीस तर स्थळं येणार नाहीत. माझ्या मनात मात्र देवळात बसलं की एकच येतं, हेच कर.

हा देवाचा आवाज की माझाच? तुमच्यापैकी कुणाला असं काही झालंय? कसं ओळखलंत?

काजूबोंड

देव मामांच्या तोंडून बोलत नसतो एवढं नक्की. बाकी जाणकार सांगतीलच. बसलोय चटई टाकून.

माडाखालचो

गो बाय, देव काय तुका फोन करूचो नाय. आमच्याकडे कौल लावतत. पाषाणाक ओले पाकळये लावतत, उजवी पडली तर होय. पण गुरव आधी काय इचारता ठाव आसा? “काय इचारूचा हा ता नीट सांग.” अर्धवट इचारलंस तर देव अर्धवटच सांगतलो.

तू इचारतस ता एक नाय, तीन हत. नोकरी सोडू काय, गावात ऱ्हवू काय, आणि ह्या काम जन्मभर करू काय. आधी सुटे कर, मगे देवाकडे ने.

सागरगोटा

@माडाखालचो, काका, हे पटलं. खरंच मी तिन्ही एकत्र करून बसले होते.

शंकेखोर

कटू वाटेल, पण लिहितो. घरातल्या आजारी माणसाचं दीर्घकाळ करणाऱ्याचा सगळा दिवस त्या माणसाभोवती बांधलेला असतो. ते माणूस गेलं की दुःखाबरोबर रिकामपणही येतं, आणि तो रिकामपणा भरायला मन तसंच दुसरं अंथरूण शोधतं. दुसऱ्याच्या वडिलांची कूस बदलताना तुम्ही अजून आपल्याच वडिलांचं करत असाल. त्यात वाईट काही नाही, पण त्याला देवाची आज्ञा म्हटलं की उद्या थकवा आला तरी थांबता येत नाही. थांबणं म्हणजे पाप वाटायला लागतं.

दुसरं, पोट कशावर भरणार? हा प्रश्न अश्रद्ध माणसाचा म्हणून झटकू नका.

सागरगोटा

@शंकेखोर, झटकत नाही. बाबांचंच करतेय का, हा प्रश्न मला पडलेला आहे. उत्तर ‘थोडं हो’ असं आहे. पण परवा ज्या आजींकडे गेले त्या बाबांसारख्या मुळीच नाहीत. शिव्या घालतात, ताट ढकलतात. तरी जावंसं वाटलं.

पैशाचं : साठवलेले थोडे आहेत, आंब्याची कलमं आहेत, ती दरवर्षी धरतातच असं नाही.

पंतांची_सून

अठराव्या अध्यायापर्यंत पोचलीस का गं? नसशील तर थेट तिथे जा.

तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥

गीतेतल्या ‘स्वकर्मणा तमभ्यर्च्य’वरची ही ओवी. आपल्या वाट्याच्या कर्माचीच फुलं वाहायची आहेत, बाजारातून आणायची नाहीत. हे वाचल्यावर मला वाटायचं की स्वकर्म म्हणजे आधीच ठरलेलं काहीतरी, जे शोधून काढायचं. सासऱ्यांचं म्हणणं उलटं होतं. ते म्हणायचे, आज तुझ्या दारात जे आलंय आणि तुझ्यावाचून अडलंय ते स्वकर्म. उद्याचं उद्या बघू.

माझं माहेर रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळचं, त्यामुळे तिथल्या संत स्वामी स्वरूपानंदांचं लहानपणापासून ऐकत आलेय. जन्म १९०३ चा. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, येरवड्याचा तुरुंग पाहिला. धावपळ करणारा, देशासाठी काही करू बघणारा मुलगा. आणि मग मोठं आजारपण आलं. त्यानंतर १९७४ पर्यंतचं, म्हणजे चाळीसएक वर्षांचं आयुष्य पावसला देसायांच्या घरातल्या एका खोलीत. अभंग ज्ञानेश्वरी झाली, लोक येत राहिले. बाहेर पडून काम करणाऱ्याला ‘बस’ म्हटलं गेलं आणि तो बसला. म्हणून देव नेहमी घराबाहेरच बोलावतो असं नाही, आणि नेहमी मोठ्याच कामाला बोलावतो असंही नाही. तुझ्या बाबतीत काय ते मी कोण सांगणार.

काजूबोंड

मला चाळीस मिनिटं एका खोलीत बसवत नाही, मोबाईल असूनसुद्धा.

वेंगुर्लेकरीण

मी कॅथलिक, आणि धंद्याने नर्स. त्यामुळे तुझ्या धाग्यात दोन्ही पायांनी उतरते.

वयाच्या विशीत मला सिस्टर, म्हणजे नन, व्हायचं होतं. चर्चमध्ये बसले की रडू यायचं, वाटायचं प्रभू बोलावतोय. आमच्या फादरांनी खूप शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, रडू येणं चांगलं आहे, पण त्यावरून काही ठरत नाही. हे मी फार उशिरा समजले. आमच्याकडे ‘देवाने मला बोलावलं’ असं कुणी म्हटलं की चर्च लगेच मान डोलावत नाही. आधी उमेदवारी, मग नोव्हिशिएट, म्हणजे मठातली शिकाऊ मुदत, निदान पूर्ण वर्षभर, मग ठरावीक मुदतीची व्रतं, तीही कमीत कमी तीन वर्षं, आणि त्यानंतर कायमची. म्हणजे बोलावणं खरं आहे का हे एकट्या त्या मुलीने ठरवायचं नसतं. तिच्याबरोबर राहणाऱ्या बायका ठरवतात, भांडी घासताना, आजारी सिस्टरची रात्रपाळी करताना. मी आत गेलेच नाही. नर्सिंगला गेले, लग्न केलं, आणि ते रडू वॉर्डात कधी आलं नाही, पण काम सोडावंसंही वाटलं नाही.

संत इग्नेशियस मूळचा शिपाई, १५२१ मध्ये लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि पडल्या पडल्या स्वतःच्या मनाकडे बघत राहिला. काही विचार करताना मजा यायची पण नंतर कोरडं वाटायचं. काही विचार संपल्यावरही समाधान टिकून राहायचं. त्यातून त्याने पुढे नियम घालून दिले. त्यातला मला रोज उपयोगी पडणारा नियम असा, की मन उदास, अंधारलेलं असताना पूर्वीचा निर्णय बदलायचा नाही. उजेड असताना जे ठरवलं त्याला धरून राहायचं. तुला हे दोन्हीकडून लागू आहे. बाबांच्या दुःखात नोकरी सोडू नकोस, आणि एखाद्या वाईट दिवशी हे कामही सोडू नकोस.

आता नर्स म्हणून. तू काय काय करतेस ते स्पष्ट लिही. कारण प्रेमापोटी माणसं भलतंसलतं करतात.

सागरगोटा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. समाधान नंतर टिकतं का, हे मी बघितलंच नव्हतं. बघते.

काय करते : अंग पुसणं, केस धुणं, दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना शिकवणं, चादरीला सुरकुती राहू न देणं, टाचांखाली उशी अशी ठेवणं की टाच अधांतरी राहील. लाल झालेल्या जागी तेल लावून चोळायचं नाही हे सांगणं. (यावर सगळ्या गावाशी वाद होतो, सगळ्यांना चोळायचंच असतं.) गोळ्यांच्या डब्या वारवार लावून देणं. दवाखान्यात सोबत. इंजेक्शन देत नाही. नळी मी घालत नाही, सांभाळते फक्त.

वेंगुर्लेकरीण

शाब्बास. रेषा कुठे आहे ते तुला कळतंय. चोळण्याबद्दल तू बरोबर आहेस, हाडाच्या टोकावर आधीच दबलेली कातडी चोळून आणखी दुखावते. पण मुली, हे पुढे करायचं असेल तर शिक. नर्सिंगचे कोर्स आहेत, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. ते जमत नसेल तर रुग्णसहाय्यकाचे छोटे अभ्यासक्रम असतात. देवाने बोलावलं म्हणून हाताला आपोआप कला येत नाही.

दाभोळखाडी

सलाम सगळ्यांना. आम्ही दाभोळकडचे, मुसलमान. घरात कोकणी-मराठी मिसळून. वरचं वाचून वाटलं, आपली बाजूपण सांगावी.

आमच्यात इस्तिखारा असतो. काही ठरवायचं असेल तर दोन रकात नफिल (ऐच्छिक) नमाज पढायची आणि दुआ करायची. दुआ साधी आहे : हे काम माझ्या दीनसाठी (धर्मासाठी), दुनियेसाठी, शेवटासाठी चांगलं असेल तर ते सोपं कर आणि त्यात बरकत दे, वाईट असेल तर त्याला माझ्यापासून फिरव, मला त्याच्यापासून फिरव, आणि जिथे भलं असेल ते माझ्या नशिबात देऊन मला त्यावर राजी कर. लोकांना वाटतं की रात्री स्वप्न पडेल, पांढरं दिसलं तर हो, काळं दिसलं तर नाही. आमच्या मौलवीसाहेबांना याचा फार राग. स्वप्नाची अट कुठेच नाही. नमाज पढा, जाणत्या माणसांशी मशवरा (सल्लामसलत) करा आणि पाऊल टाका. रस्ता मोकळा होत गेला तर समजा. अडत गेला तर समजा.

मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड जातं. राजी कर. मी आखातात वाहन चालवायला जायचं म्हणून इस्तिखारा केला, सगळं अडत गेलं. मग वडिलांची होडी घेतली. जून-जुलैच्या बंदीत हात रिकामे असतात तेव्हा अजून वाटतं की तिकडे बरं झालं असतं. समुद्रावर असलो की नाही वाटत.

शंकेखोर

@दाभोळखाडी, दुआ आवडली. अर्थात रस्ता मोकळा होणं हा पुरावा नव्हे, वाईट रस्तेही मोकळे असतात. पण ‘जाणत्यांशी मशवरा’ हा भाग माझ्यासारख्यालाही चालेल.

एक आठवण करून देतो. कोकणचे गांधी म्हणतात ते आप्पासाहेब पटवर्धन. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. सगळं सोडून गांधींबरोबर गेले आणि काम कुठलं उचललं, तर मैला साफ करण्याचं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ‘मला भंगीकाम द्या’ म्हणून त्यांनी हट्ट धरला, सरकारने जातीचं कारण पुढे करून नाकारलं, आणि त्यांच्यासाठी गांधींनी येरवड्यात उपोषण केलं. पुढे १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम. मेलेली जनावरं, चामडं, संडास, खत. कुठल्या देवळात बसून हे ऐकू येतं? समोर अन्याय दिसला, डोक्याने विचार केला, हात घातला. मधे देव आणायची गरज काय?

पंतांची_सून

अहो शंकेखोर, तो अन्याय सगळ्या रत्नागिरी जिल्ह्याला दिसत होता. हात एकाचाच का गेला?

शंकेखोर

हा प्रश्न चांगला आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

माडाखालचो

मिया गोपुरीत गेल्लंय ल्हान आसताना, बापाशीबरोबर. आमका थयल्या वासाचीच आठवण.

करंजगावकर

बोलावण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या दापोलीकडचा एक माणूस विसरू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म करजगावचा, १८६१. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लोक इथपर्यंतच सांगतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. मिशनची नोकरी, मान, सगळं असताना १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी उभी केली, संन्याशासारखे राहिले. दोनच वर्षांत गेले. म्हणजे पहिल्या बोलावण्यावर काम संपलं नाही, साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा उठून निघाले.

पण दुसरी बाजूही. १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या मागे राहिल्या, माणसांत लाजिरवाणं झालं, काही वर्षं दोघं दोन ठिकाणी. पुढे त्या स्वतःच्या वाटेने पोचल्या, १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला, हा त्यांचा मोठेपणा. नवऱ्याला आलेल्या हाकेची किंमत बायकोने मोजली, हे त्यांनीच इतकं हसत लिहून ठेवलंय की आपण वाचताना हसतो आणि पुस्तक मिटल्यावर गप्प होतो.

@सागरगोटा, तुझ्या निर्णयाची किंमत आई मोजणार असेल, तर देवळातून आल्यावर आधी आईशी बोल. बोललीस का? तू सगळ्यांचं लिहिलंस, मामांचं, कंपनीचं. आईचं एक वाक्य नाही.

काजूबोंड

हा बाण बरोबर बसला बहुतेक.

शाळेतला_मूर्तिकार

नागपंचमीला गणपतीच्या मूर्तींसाठी लोकांचे पाट यायला लागले, तेव्हापासून इथे फिरकायला वेळ नव्हता. आज हात धुऊन बसलोय, बोटांत शाडू आहेच.

माझं सरळ सांगतो. मला देवाने कधी बोलावलं नाही. आजोबांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, मग वडिलांची, मग माझी. मला एसटीत लागायचं होतं. वडील गेले त्या वर्षी लोकांनी नेहमीप्रमाणे पाट आणून ठेवले. पाटावर चुन्याने घरांची नावं. पाट परत कसे पाठवणार? म्हणून तेवढं वर्ष केलं.

तुम्ही सगळे देवाजवळ जाऊन काम सापडलं म्हणताय. माझं उलट आहे, काम करता करता देवाची ओळख झाली, तीही अजून लांबूनच. डोळ्यांची आखणी मी शेवटी करतो, पहाटे, कुणी उठायच्या आत. बारीक कुंचला, श्वास धरून. एक डोळा झाला की दुसरा त्याच्याशी जुळवायचा, यात सगळा जीव जातो. एखाद्या मूर्तीत नजर बसते, एखादीत नाही, आणि ते माझ्या हातात असतं असं मला वाटत नाही. नजर बसली की मी आधी हात जोडतो आणि मग घरातल्यांना उठवतो.

बाई, तुमच्या दारात लोकांनी पाट आणून ठेवलेत. देव बोलला की नाही ते नंतर बघा.

पंतांची_सून

दादा, नमस्कार तुम्हाला.

वेंगुर्लेकरीण

+१. आमचे फादर जे सांगायला अर्धा तास घेतात ते तुम्ही चार ओळीत सांगितलंत.

शंकेखोर

पाटाचं उदाहरण मलाही पटतं, फक्त एक वाढवतो. सगळेच पाट घ्यायचे नसतात. मूर्तिकारदादा, तुम्हीही काही वेळा ‘यंदा जमणार नाही’ म्हणत असालच.

शाळेतला_मूर्तिकार

म्हणतो की. पाऊस लांबला आणि मूर्ती वाळल्या नाहीत की नवीन घेत नाही. रात्री दोन दोन वाजेपर्यंत बल्ब लावून वाळवाव्या लागतात. नाही म्हणता आलं पाहिजे, नाहीतर कच्ची मूर्ती लोकांच्या घरी जाते.

सागरगोटा

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

करंजगावकर, आईशी बोलले नव्हते. काल बोलले. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं, आणि म्हणाली, “बाबांचं करताना तू माझ्यावर किती ओरडायचीस ते आठवतंय का? लोकांच्या घरी तशी ओरडू नकोस म्हणजे झालं.” नोकरीबद्दल बोललीच नाही. नंतर रात्री विचारलं, कलमांना खत घालायला माणूस कोण आणणार. म्हणजे मी इथेच आहे असं तिने धरलंय, किंवा तिला भीती वाटतेय. दोन्ही असेल.

माडाखालचे काका, प्रश्न सुटे केले. गावात राहायचं का, याला आतून हो आहे आणि ते हलत नाही, उदास दिवशीसुद्धा. नोकरी सोडायची का, याला आज नाही. कंपनीत अर्धवेळ काम मिळतं का ते विचारलंय, उत्तर आलं नाही. जन्मभर करायचं का, हा प्रश्न देवाकडे नेलाच नाही. तेवढा मोठा पाट नको मला.

देवळात काय होतं तेही लिहिते, कारण शंकेखोरांनी विचारलं नाही तरी त्यांच्या मनात असणार. आवाज येत नाही, उजेड दिसत नाही. एवढंच होतं, की ऑफिसातल्या कुणाला मी काय वाटेन, मामा काय म्हणतील, इथल्या लोकांनी मला चांगली म्हणावं, ही माणसं एकेक करून उठून जातात. ‘चांगली म्हणावं’वाली सगळ्यात शेवटी जाते, कधी कधी जातच नाही. ती बसलेली असेल त्या दिवशी मी कुणाकडे गेले तर दमून येते. ती गेलेली असेल तर नाही दमत. वेंगुर्लेकरीण ताई, तुमच्या इग्नेशियसला हे चालेल का माहीत नाही.

वेंगुर्लेकरीण

धावेल. आणि कोर्सची चौकशी कर.

शंकेखोर

हे प्रामाणिक लिहिलंत. माझी हरकत ‘आज्ञा’ या प्रकाराला होती, ती इथे दिसत नाही. गप्प बसतो.

काजूबोंड

शंकेखोर गप्प बसले! रवळनाथाचा चमत्कार. धागा वाचनखुणांत टाका.

मिठमुंबरी_माहेर

धागा वाचत होते, मधेच घुसते, माफ करा. मी बदलापूरला असते. सासूबाई देवगडलाच, कंबरेचं हाड मोडल्यापासून झोपून आहेत. सासऱ्यांना एकट्यांना उचलवत नाही. काल त्यांनी फोनवर सांगितलं की पाठीखाली जखम झालीय आणि वास येतोय. मला रविवारशिवाय निघता येत नाही. सागरगोटा, तुमच्या गावापासून किती लांब पडेल?

सागरगोटा

व्यनि (खासगी निरोप) केलाय, पत्ता आणि सासऱ्यांचा नंबर तिकडेच द्या, इथे नको. वास येतोय म्हणजे रविवारची वाट बघायची नाही, डॉक्टरांना उद्याच दाखवायला हवं. मी सकाळी रिक्षा घेऊन जाते. तोवर सासऱ्यांना एवढंच सांगा : जखमेवर हळद, तेल, पावडर काही घालू नका, कुशीवर वळवून पाठीला उशीचा टेकू द्या. ताप आहे का? जेवतायत का? आणि हवेची गादी घरात आहे की आणायला लागेल? आमच्याकडे बाबांची आहे.